एका सर्व्हरवर अनेक एफटीपी साइट्स: लॉगइन होते, मग फाइलींची यादी का येत नाही?

एका सर्व्हरवर एक एफटीपी साइट, म्हणजे फाइलींची ने-आण करण्याचे ठिकाण, वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असते. पुढे दुसऱ्या विभागासाठी किंवा दुसऱ्या ग्राहकासाठी त्याच सर्व्हरवर आणखी एक साइट उभी केली जाते आणि तिथून तक्रारी सुरू होतात. कधी नवी साइट सुरूच होत नाही. कधी ती सुरू होते, पण तिचे नाव टाकले तरी जुन्याच साइटचे फोल्डर उघडते. सर्वांत चक्रावून टाकणारा प्रकार तिसरा: लॉगइन व्यवस्थित होते, पासवर्डही स्वीकारला जातो आणि नंतर फाइलींची यादी येण्याऐवजी बराच वेळ काहीच न घडता जोडणी तुटते. त्यात भर म्हणजे क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांतून एफटीपीची सोय २०२१ साली काढून टाकण्यात आली. त्यामुळे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून साइट चालू आहे की नाही हे पाहण्याचा जुना मार्गही बंद झाला असून, ब्राउझरमध्ये काही उघडत नाही एवढ्यावरून सर्व्हर बंद पडला असे म्हणता येत नाही.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांतील बहुतेकींची मुळे एफटीपीच्या दोन स्वभावांत सापडतात. आपल्याला कोणती साइट हवी आहे हे क्लायंट, म्हणजे फाइली मागणारा प्रोग्रॅम, सर्व्हरला सहसा सांगत नाही, हा पहिला स्वभाव. एफटीपीचे काम एका जोडणीवर भागत नाही, त्याला दोन जोडण्या लागतात, हा दुसरा. हे दोन स्वभाव नीट लक्षात घेतले की बिघाड शोधणे अंदाजपंचे राहत नाही.

## मुळात ही व्यवस्था कशी चालते

एफटीपी म्हणजे दोन संगणकांमध्ये फाइलींची ने-आण करण्याची ठरलेली पद्धत. तिचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात असताना एप्रिल १९७१ मध्ये मांडला. आज जे रूप प्रमाण मानले जाते, ते ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजात (इंटरनेटचे तांत्रिक नियम नोंदवणाऱ्या आरएफसी मालिकेतला ९५९ वा) नोंदलेले आहे. फाइली मागणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट आणि त्या पुरवणारा तो सर्व्हर. सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी आयपी पत्ता लागतो, आणि त्या पत्त्यावरच्या नेमक्या कोणत्या सेवेशी बोलायचे हे पोर्ट नावाचा क्रमांक ठरवतो. एफटीपीसाठी तो परंपरेने २१ असतो. एखादी साइट कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर उत्तर देणार, या नोंदीला बाइंडिंग म्हणतात. एवढे पाच शब्द पुढच्या विवेचनाचा पाया आहेत.

## सर्व्हरला साइट कळते तरी कशी?

एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे सुखाने नांदतात, मग दोन एफटीपी साइट्सनाच एवढी अडचण का यावी, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल. एका मोठ्या इमारतीत अनेक कार्यालये आहेत आणि प्रवेशद्वारावर एकच पहारेकरी बसला आहे, असे समजा. संकेतस्थळ पाहायला आलेला ब्राउझर दारातच सांगतो, की मला अमुक कार्यालयात जायचे आहे. कारण प्रत्येक विनंतीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठवण्याचे बंधन एचटीटीपी या वेबच्या नियमावलीच्या १.१ या आवृत्तीने १९९७ सालीच घातले. एफटीपीचा पाहुणा मात्र दारात उभा राहून फक्त स्वतःचे नाव आणि पासवर्ड सांगतो. कोणत्या कार्यालयात जायचे आहे, हे तो बोलतच नाही. त्याने प्रवासाला निघताना जे नाव वापरले होते, ते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, पत्ता शोधण्यापुरते कामी आले आणि तिथेच संपले.

त्यामुळे डीएनएसमध्ये दोन वेगळी नावे एकाच पत्त्याकडे वळवली म्हणजे दोन साइट्स झाल्या, ही समजूत खोटी ठरते. पहारेकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही पाहुणे एकाच दारातून आलेले असतात. त्यांना वेगळे ओळखायचे तर पत्ता वेगळा हवा, पोर्ट वेगळा हवा किंवा वापरकर्त्याच्या नावावरून ओळख पटायला हवी.

चौथा मार्ग कागदोपत्री उपलब्ध आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या आरएफसी ७१५१ ने 'होस्ट' नावाची आज्ञा एफटीपीत आणली, जेणेकरून क्लायंटला लॉगइनपूर्वीच हव्या त्या साइटचे नाव सांगता यावे. प्रोएफटीपीडी आणि मायक्रोसॉफ्टचा आयआयएस या सर्व्हर प्रोग्रॅमांना ती समजते, पण ती न पाठवणारे क्लायंट अजून मुबलक आहेत. अशा क्लायंटसाठी आयआयएसमध्ये एक पळवाट ठेवलेली आहे: वापरकर्त्याच्या नावाआधी साइटचे नाव लिहायचे आणि दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ द्यायची. नावावर आधारलेली बाइंडिंग केली आहे पण क्लायंटने नाव पाठवलेच नाही, तर आयआयएस ५३० क्रमांकाचा संदेश देऊन वैध होस्टनेमची (म्हणजे साइटच्या नावाची) अपेक्षा असल्याचे कळवतो. ५३० म्हणजे लॉगइन नाकारले एवढाच अर्थ घेऊन लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसतात. क्रमांकापुढचे वाक्य वाचले असते तर तो खटाटोप वाचला असता.

## दुसरी साइट सुरूच होत नाही

हा प्रकार सर्वांत सोपा आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. एक पत्ता आणि एक पोर्ट ही जोडी एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात राहू शकते. पहिली साइट 'सर्व पत्ते' अशा बाइंडिंगवर चालू असेल, तर सर्व्हरच्या प्रत्येक पत्त्यावरचा २१ क्रमांकाचा पोर्ट तिने आधीच अडवलेला असतो. मग वेगळ्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या दुसऱ्या साइटला कितीही वेगळा पत्ता दिला तरी तिच्या वाट्याला सहसा काही उरत नाही. लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरची दुसरी प्रत चालवताना हे हमखास घडते, कारण पहिल्या प्रतीच्या सेटिंगमध्ये विशिष्ट पत्ता लिहायचा राहून गेलेला असतो. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर कान लावून बसला आहे, हे विंडोजवर नेटस्टॅट आणि लिनक्सवर एसएस ही आज्ञा दाखवते. यादीत पत्त्याच्या जागी चार शून्ये दिसली, तर ती साइट सर्व पत्त्यांवर बसलेली आहे असे समजावे.

आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यांकडे मात्र लक्ष असू द्यावे. साइटच्या नावाला डीएनएसमध्ये दोन्ही प्रकारचे पत्ते दिलेले असतील आणि साइट फक्त जुन्या प्रकारच्या पत्त्यावर बांधलेली असेल, तर काही क्लायंट तिच्याकडे येतात आणि काही भलत्याच साइटकडे जातात. काहींना साइट दिसते, काहींना दिसत नाही, अशी तक्रार आली की सर्वप्रथम हे तपासावे.

## नाव एकीचे, उघडते दुसरीच

कोणती साइट उत्तर देते आहे हेच जिथे माहीत नाही, तिथे बाकीचा सगळा तपास व्यर्थ आहे. त्यासाठी एक अगदी स्वस्त उपाय आहे आणि माझ्या मते दुसरी साइट उभी करण्यापूर्वी तो केलाच पाहिजे. जोडणी होताच सर्व्हर २२० क्रमांकाचा स्वागतसंदेश पाठवतो. त्या संदेशातला मजकूर प्रत्येक साइटसाठी वेगळा ठेवता येतो. तो ठेवला, की क्लायंटच्या खिडकीतली पहिली ओळ वाचूनच कोणत्या साइटने उत्तर दिले ते कळते. साइट्सची निवड होस्टनेमवरून होत असेल, तर मात्र स्वागतसंदेश नाव कळण्याच्या आधीच जातो. तिथे स्वागतावर विसंबून न राहता प्रत्येक साइटची लॉग फाइल (घडामोडींची नोंदवही) वेगळी ठेवावी आणि नोंद कुठे उमटते ते पाहावे.

## लॉगइन झाले, यादी नाही

आता मुख्य दुखण्याकडे वळू. २१ क्रमांकाच्या पोर्टवरची जोडणी ही केवळ संभाषणाची असते: नाव, पासवर्ड, अमुक फोल्डरमध्ये जा, अमुक फाइल दे. प्रत्यक्ष फाइल या जोडणीतून येत नाही, आणि फोल्डरमधल्या फाइलींची यादीसुद्धा येत नाही. त्यासाठी दर वेळी नवी, वेगळी जोडणी उघडली जाते. पॅसिव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या रीतीत सर्व्हर क्लायंटला सांगतो, की या पत्त्यावर, या पोर्टवर ये, माल तिथे मिळेल. पहारेकऱ्याने माल उचलण्यासाठी मागच्या एका दाराचा क्रमांक द्यावा, तसे हे आहे. ते दार कुंपणाबाहेरून उघडतच नसेल, तर पाहुणा तिथे ताटकळत राहणार. पासवर्ड बरोबर असूनही यादी येत नाही, त्याचे कारण हे.

क्लायंटच्या लॉगमध्ये सर्व्हरचे हे उत्तर २२७ या क्रमांकाने सुरू होते आणि पुढे कंसात सहा संख्या असतात. उदाहरणार्थ: १९२, १६८, १, १०, १९५, ८०. पहिल्या चार संख्या म्हणजे पत्ता, शेवटच्या दोन म्हणजे पोर्ट. पाचव्या संख्येला २५६ ने गुणून सहावी मिळवायची: १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, अधिक ८०, म्हणजे ५०,०००. क्लायंटने १९२.१६८.१.१० या पत्त्यावर ५०,००० क्रमांकाच्या पोर्टवर यावे, असे सर्व्हर म्हणतो आहे. या एका ओळीत बहुतेक निदान दडलेले असते.

पत्त्यापासून सुरुवात करू. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात आणि बाहेरच्या जगात ते कुठेच पोहोचत नाहीत. सर्व्हर राउटरच्या मागे असला, की आपला बाहेरचा पत्ता कोणता हे त्याला आपोआप कळत नाही. तो बिचारा स्वतःला ठाऊक असलेला आतला पत्ता सांगून मोकळा होतो. म्हणून बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने लिहावा लागतो. साइट्स अनेक असतील आणि प्रत्येकीचा बाहेरचा पत्ता वेगळा असेल, तर ही नोंद प्रत्येक साइटसाठी स्वतंत्रपणे करायला हवी. पहिल्या साइटची सेटिंग जशीच्या तशी उचलून दुसरी बनवली, की दुसरी साइट पहिलीचा पत्ता सांगू लागते. त्या पत्त्यावर कोणीतरी उत्तर देतेही, पण ते योग्य ठिकाण नसते, आणि मग बिघाड ओळखणे आणखी अवघड होऊन बसते.

आता पोर्ट. माल देण्यासाठी सर्व्हरने कोणते पोर्ट वापरावेत याची कक्षा ठरवून देता येते, समजा ५०,००० ते ५०,१००. ठरवलेली कक्षा आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत, उघडलेली कक्षा तंतोतंत जुळली पाहिजे. आयआयएसमध्ये ही कक्षा संपूर्ण सर्व्हरसाठी एकच असते, साइटगणिक वेगळी देता येत नाही. बाहेरचा पत्ता मात्र साइटगणिक देता येतो. कक्षा बदलल्यावर केवळ साइट बंद करून चालू करणे पुरत नाही, एफटीपीची संपूर्ण सेवा पुन्हा सुरू करावी लागते. व्हीएसएफटीपीडीच्या दोन प्रती चालवल्या तर प्रत्येकीची कक्षा तिच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहिता येते, आणि ती वेगवेगळी ठेवणे बरे, म्हणजे फायरवॉलच्या लॉगमधला पोर्ट पाहूनच अडलेली साइट ओळखता येते. कक्षा फार आखूडही नसावी, कारण एकाच वेळी चाललेल्या प्रत्येक हस्तांतरणाला आणि प्रत्येक यादीला स्वतंत्र जोडणी लागते.

## 'पण माझ्या संगणकावरून तर चालते'

हे वाक्य ऐकले नाही असा सर्व्हर सांभाळणारा माणूस विरळा. ते खोटे नसते, पण त्यातून निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. फाइलझिलासारखा क्लायंट सर्व्हरने बाहेरून न पोहोचणारा खासगी पत्ता सांगितला, तर त्याकडे दुर्लक्ष करून मूळ जोडणीचाच पत्ता वापरतो आणि तसे आपल्या लॉगमध्ये नमूदही करतो. यादी दिसते, माणूस खूश होतो, लॉग कोणी वाचत नाही. रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट मात्र सर्व्हरने दिलेला पत्ता शब्दशः पाळते आणि अडकते. चूक दोन्ही वेळी तीच होती. एका क्लायंटने ती झाकली, एवढेच.

त्यामुळे चाचणी तीन ठिकाणांहून घ्यावी: प्रथम सर्व्हरवरूनच, मग त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या संगणकावरून आणि शेवटी पूर्णपणे बाहेरच्या जोडणीवरून. सर्व्हरवरूनच चालत नसेल तर दोष सेटिंगमध्ये किंवा फोल्डरच्या परवानग्यांत आहे. तिथे चालते पण शेजारच्या संगणकावरून चालत नाही, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल आडवी येते आहे. आत सगळीकडे चालते आणि फक्त बाहेरून अडते, तर राउटर आणि २२७ च्या ओळीतला पत्ता यांवर संशय घ्यावा.

## पोर्ट बदलला, मग काय बिघडले?

वेगळा पत्ता मिळत नसेल तर दुसरी साइट २१२१ सारख्या पोर्टवर चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अनेक फायरवॉल २१ क्रमांकाच्या पोर्टवरचे संभाषण वाचत असतात. सर्व्हरने मालासाठी कोणता पोर्ट सांगितला हे त्यातून ओळखून त्या तेवढाच पोर्ट तात्पुरता उघडतात, आणि आतला पत्ता बदलून बाहेरचा घालतात. पहिली साइट आजवर चालली ती कोणी कक्षा उघडली म्हणून नव्हे, तर या मदतीच्या जोरावर. ही मदत बहुधा २१ पुरतीच असते. लिनक्सच्या कर्नलमधला (म्हणजे गाभ्यातला) एफटीपीचा मदतनीसही मुळात त्याच पोर्टकडे लक्ष देतो. त्यामुळे २१२१ वर तीच सेटिंग, तोच वापरकर्ता, तोच पासवर्ड असूनही यादी येत नाही. मदतनीसाच्या भरवशावर न राहता पॅसिव्ह कक्षा स्वतः ठरवून उघडणे हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे.

जुन्या ॲक्टिव्ह रीतीत आणखी एक खाच आहे. त्या रीतीत मालाची जोडणी सर्व्हर स्वतः क्लायंटकडे करतो, आणि आरएफसी ९५९ नुसार त्यासाठी तो संभाषणाच्या पोर्टच्या अलीकडचा पोर्ट वापरतो: २१ साठी २०, २१२१ साठी २१२०. म्हणजे एक साइट २१२० वर आणि दुसरी २१२१ वर ठेवली, तर दुसरीच्या मालाचा पोर्ट पहिलीने आधीच व्यापलेला असतो. साइट्सचे पोर्ट लागोपाठचे नसावेत, ते यासाठी.

## एनक्रिप्शन चालू केले आणि सगळे थांबले

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो, म्हणून टीएलएस या एनक्रिप्शनचे, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याचे, कवच चढवलेली एफटीपीएस ही रीत वापरणे योग्यच आहे. पण कवच चढताच वर सांगितलेला फायरवॉलचा मदतनीस आंधळा होतो. संभाषण त्याला वाचता येत नाही, म्हणून पोर्ट उघडता येत नाही आणि पत्ताही बदलता येत नाही. काल साधी जोडणी चालत होती, आज सुरक्षित जोडणी फक्त लॉगइनपर्यंत जाते, यामागे सहसा एवढेच असते. अशा वेळी फायरवॉलला दोष देऊन ती पूर्ण बंद करण्याची गरज नसते.

अनेक साइट्सच्या बाबतीत सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या नावाची खात्री देणाऱ्या ओळखपत्राचा, पेचही पडतो. सर्व्हर सर्टिफिकेट दाखवतो तेव्हा वापरकर्त्याचे नाव अजून यायचे असते. साइटची निवड वापरकर्त्याच्या नावावर सोपवली असेल, तर कोणते सर्टिफिकेट दाखवावे हे ठरवायला सर्व्हरकडे काही आधारच नसतो. तो आपले ठरलेले एकच सर्टिफिकेट पुढे करतो आणि क्लायंट नाव जुळत नसल्याची तक्रार करतो. सर्व साइट्सची नावे ज्यात आहेत असे एकच सर्टिफिकेट घेतले की हा पेच सुटतो.

## वेगळ्या साइट्सची गरज आहे का?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो, खरे तर तो आधी विचारायला हवा. प्रत्येकाने फक्त आपलेच फोल्डर पाहावे एवढीच अपेक्षा असेल, तर एकच साइट ठेवून प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या फोल्डरमध्ये बंदिस्त करता येते. पत्ते, पोर्ट, सर्टिफिकेट या सगळ्यांची संख्या एकावर येते. नियम, लॉग किंवा प्रशासक खरोखरच वेगळे ठेवायचे असतील, तेव्हाच वेगळ्या साइटचा खटाटोप सार्थ ठरतो.

बंदिस्त करतानाही ठेचा लागतात. आयआयएसमध्ये स्थानिक वापरकर्त्यांची फोल्डरे 'लोकलयूजर' या नेमक्या नावाच्या फोल्डरमध्ये असावी लागतात, नाहीतर होम डिरेक्टरी उपलब्ध नसल्याचे सांगत पुन्हा ५३० हाच क्रमांक समोर येतो. व्हीएसएफटीपीडी आवृत्ती २.३.५ पासून, वापरकर्त्याला ज्या फोल्डरमध्ये बंदिस्त केले आहे त्याच मुळाशी लिहिण्याची परवानगी असेल, तर त्याला आत घेण्यास नकार देतो. मूळ फोल्डर फक्त वाचण्याजोगे ठेवून त्यात लिहिण्यासाठी एक उपफोल्डर करणे, हा सरळ मार्ग आहे.

## मग सरळ एसएफटीपीच का वापरू नये?

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बहुधा तेच करावे. एसएफटीपीचे नाव सारखे असले तरी ती एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारी स्वतंत्र पद्धत आहे. संभाषण आणि फाइली यांना मिळून २२ क्रमांकाची एकच जोडणी पुरते, त्यामुळे पॅसिव्ह कक्षा आणि २२७ ची ओळ हा सगळा अध्याय गळून पडतो. ज्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण करायची, त्यांची जुनी यंत्रे केवळ एफटीपीच जाणत असतील, तर मात्र इलाज नाही.

पहारेकऱ्याची अडचण तिथेही मिटत नाही. एसएसएचमध्येसुद्धा क्लायंट साइटचे नाव सांगत नाही, म्हणून एका पत्त्यावर आणि एका पोर्टवर नावानुसार दोन साइट्स वेगळ्या करता येत नाहीत. वेगळेपण वापरकर्त्यावरूनच करावे लागते. ओपनएसएसएच या एसएसएच सर्व्हरमध्ये वापरकर्त्याला फोल्डरमध्ये बंदिस्त करताना ते फोल्डर आणि त्याच्या वरची प्रत्येक पातळी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाच्या, मालकीची असावी लागते आणि इतर कोणालाही तिथे लिहिता येता कामा नये. यांतली एक जरी पातळी चुकली, तरी पासवर्ड स्वीकारला जाऊन जोडणी लगेच बंद होते. क्लायंटला त्यामागचे कारण कळवले जात नाही. मालकी किंवा परवानगी चुकल्याची नोंद फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते.